लोकरीचा बोळा

आमच्या घरात झोपताना देवाला हात जोडले नाहीत तरी चालायचं, पण कानात बोळा असल्याशिवाय काकू अंथरुणाला पाठ टेकू द्यायची नाही. बोळा लोकरीचा असायचा. मेंढरांच्या कातरणीतून राहिलेली मऊ लोकर काकू एका गाडग्यात साठवून ठेवायची. आम्ही आडव्या व्हायच्या आधी ती भिंतीला टेकून बसायची, थोडी लोकर दोन बोटांत घोळवून बोराएवढी गोळी करायची, तिला तेलाचं बोट लावायची आणि आधी माझ्या धाकट्या बहिणीच्या, सुमीच्या, मग माझ्या कानात बसवायची. दुपारची झोप असली तरी सुटका नसे. बोळा बसला की सगळ्या घराचा आवाज लांब जायचा. चुलीतलं लाकूड तडकलं तरी शेजारच्या वस्तीवर तडकल्यासारखं वाटायचं. मला ते आवडायचं. सुमीला मुळीच आवडायचं नाही. "काकू, मला ऐकू येईना झालं," म्हणून ती कुरकुरायची, आणि काकू म्हणायची, "वाळा शिरला म्हंजी जलमभर येणार न्हाई. गप पड."

वाळा म्हणजे आंधळा साप. साप म्हणायला जीव धजत नाही, इतकं ते पोर दिसतं. वीतभर लांब, सुतळीएवढं जाड, काळपट आणि चकचकीत. नवख्या माणसाला गांडूळच वाटावं, पण गांडूळ ओलं आणि लिबलिबीत असतं, वाळा कोरडा आणि गुळगुळीत लागतो. डोळ्यांच्या जागी दोन बारीक ठिपके. लेंडीखताचा ढीग उपसला की खाली सापडायचा, रांजणाखालच्या ओल्या मातीत सापडायचा, न्हाणीचा दगड हलवला की सापडायचा. मुंग्यांची आणि वाळवीची अंडी खाऊन जगतो, बाकी कुणाच्या अध्यात ना मध्यात. हे मला अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी शिकवलं होतं. ते पलटणीत होते, वर्षातून एकदा सुट्टीवर यायचे. एका सुट्टीत त्यांनी खताच्या ढिगातला वाळा उचलून माझ्या तळहातावर ठेवला. तो बोटांच्या बेचक्यात डोकं खुपसायला लागला आणि शेपटीचं टोक माझ्या हाताला टोचलं तशी मी किंचाळले. अण्णा हसले. "आगं, त्याला दात न्हाईत, डोळं न्हाईत. शेपटीला बारीक काटा हाय, त्यो टेकून म्होरं सरकतोय. बिचारा हाय." तेव्हापासून मला वाळ्याची भीती नव्हती, आणि ही गोष्ट मी या प्रकरणाच्या सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. मला माहीत होतं. त्या घरात बायकामाणसांत फक्त मला माहीत होतं.

घर कुंडलच्या शिवारात, पाटाच्या कडेला. आम्ही मूळचे पूर्वेकडच्या माळावरचे, मेंढरांमागून फिरणारे. पाटाचं पाणी आलं तशी आजोबांनी इथं तुकडाभर रान धरलं आणि घराण्याचे पाय जमिनीला टेकले. चारी बाजूला ऊस आणि मध्ये मेंढरं कोंडायचा आमचा वाडगा, असं ते घर होतं. काका लग्नानंतर दोन वर्षांतच गेले होते. काकूला मूल नव्हतं. माहेरच्यांनी बोलावलं तरी ती गेली नाही. "बाईस्नी एकलीला सोडून कुटं जाऊ," म्हणाली. बाई म्हणजे माझी आई, तिची थोरली जाऊ. आई दिवसभर मेंढरं वळायची आणि काकू घर सांभाळायची. सकाळी हुलग्याचं माडगं, दुपारी बाजरीची भाकरी आणि ठेचा, संध्याकाळी मेंढरं आल्यावर जे असेल ते. घरात बाप्या माणूस नाही याचं आम्हाला काही वाटत नसे. आता कुठंतरी वाचलं की या वाळ्यांत नर नसतोच, सगळ्या माद्या, एकीपासून दुसरी होते. वाचलं तेव्हा पहिल्यांदा आमचं ते घर डोळ्यांसमोर आलं.

त्या घरातले सगळ्यात चांगले कान सुमीचे होते. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, पण फाट्यावर एस.टी. वळली की तिला पहिल्यांदा कळायचं. तिचा खरा कस संध्याकाळी लागायचा. मेंढरं चरून आली की दिवसभर कोंडलेली कोकरं सोडायची आणि ज्याला त्याला त्याच्या आईला लावायचं. चाळीसभर मेंढ्या, तेवढीच पोरं, सगळ्यांची एकच बोंब. मोठ्या माणसांनाही गोंधळायला व्हायचं. सुमी मात्र वाडग्याच्या कुंपणाच्या काठीवर बसून नुसता आवाज ऐकायची आणि बोट दाखवायची. "ह्ये बांडीचं. ह्ये त्या कानफाटीचं. आय, ते न्हाई, त्याची आय तिकडं वरडतीया." कधी चुकली नाही. आई थकलेली असायची तरी तेवढा वेळ हसायची. "ही माझी मुकादम," म्हणायची. मला कोकरं ओळखता येत नसत. मी अभ्यासात हुशार होते, पण त्या घरात पहिल्या नंबराचं कुणाला काय पडलं होतं?

काकूचा जीव सुमीवर होता. माझ्यावर नव्हता असं नाही, पण सुमी तिच्या कुशीत वाढली होती आणि तिला ती स्वतःचीच वाटायची. दूध आटवलं की भांड्याच्या बुडाची खरवड निघायची, ती सुमीला. मी हात पुढं केला की "तू थोरली हायेस न्हवं," एवढं म्हणून काकू विषय संपवायची. खरवडीसारख्या गोष्टीसाठी माणूस किती खाली जाऊ शकतं, हे मी आज या वयात कुणाला सांगितलं तर हसतील. हसू देत.

त्या दिवशी पावसाची झड लागली होती. आई छत्रीऐवजी घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन मेंढरांमागं गेलेली. दुपारी जेवल्यावर काकूनं सुमीला खरवड दिली, आम्हा दोघींच्या कानांत बोळे घातले, आम्हाला घोंगड्यावर निजवलं आणि ती पडवीत जात्याशी बसली. सुमीला लगेच झोप लागली. तिच्या ओठांच्या कडेला खरवड लागलेली होती. मी उठले, रांजणाखालचा दगड सरकवला आणि वाळा काढला. त्याला तळहातावर घेऊन सुमीपाशी बसले. भेदरवायचं, एवढंच मनात होतं. बोळ्यानं तिला काही कळलं नसतं म्हणून मी तिच्या डाव्या कानातला बोळा हळूच काढला आणि वाळा तिच्या गालापाशी सोडला.

तो केसांत घुसला, कानाच्या पाळीवरून फिरला, आणि शेपटीचा काटा टेकला असणार, कारण सुमी झोपेतच कानावर हात मारून किंचाळत उठली. वाळा घोंगड्यावर पडला. भिंतीच्या बुडाशी जमिनीला भेग होती. तो सरळ त्या भेगेत शिरला. आधी डोकं, मग अंग, मग शेपटीचं टोक. मी सगळा जाताना पाहिला.

काकू पिठाच्या हातानं धावत आली. सुमी कान दाबून रडत होती. "वाळा! कानात गेला, काकू! वळवळला!" तिनं तो पडताना पाहिलाच नव्हता. काकूनं तिचं डोकं मांडीवर दाबून धरलं आणि माझ्याकडं पाहिलं. "मंगे, तू जागी हुतीस का गं? बगितलास? कानात गेला का खाली पडला?"

बोळा माझ्या मुठीत होता. "खाली पडला" म्हणाले असते तर पुढचा प्रश्न आला असता, आला कुठून? मी म्हणाले, "मी न्हाई बगितला. मी निजले हुते."

काकूनं सुमीचे कान चाचपले. उजव्यात बोळा होता, डाव्यात नव्हता. तिनं घोंगडं झटकलं, सुमीचे केस पाहिले, पुन्हा घोंगडं झटकलं. मग तिचा चेहरा असा काही झाला की मी अजून तो विसरले नाही. "एकच घातला व्हय मी," ती स्वतःशीच म्हणाली. "एकच घातला. इसरले गं बाई." ती पाणी आणायला वळली तेव्हा मी मुठीतला बोळा देवळीमागच्या फटीत बोटानं आत ढकलून दिला.

आधी कोमट तेल घातलं. काही निघालं नाही. मिठाचं पाणी घातलं. काही निघालं नाही. निघणार काय? कानात पाणी खळखळलं की सुमी म्हणायची, "आत हाय, हलतोय," आणि काकू आणखी घाबरायची. संध्याकाळी आई आली, तिनं सगळं ऐकून घेतलं. "उद्याच्या एस.टी.नं मिरजंला न्हिऊ हौसा," ती काकूला म्हणाली. मिरजेला दवाखाने आहेत हे साऱ्या मुलखाला ठाऊक. काकू म्हणाली, "उद्यापत्तोर मेंदूत जाईल वं बाई! मग डाक्टर काय करंल?" आणि मग तिनं ते सांगितलं जे आमच्यासारख्या मेंढरांमागच्या माणसालाच सुचेल. मेंढराच्या कानात जखम होऊन किडे पडले की आमच्यात तंबाखू आणि चुना पाण्यात कालवून ते पाणी कानात ओततात. किडे मरून बाहेर पडतात. काकूच्या हातानं त्यानं कितीतरी मेंढरं वाचली होती. आईनंही ते शंभरदा केलं होतं. त्यामुळं आई नको म्हणाली नाही.

काकू मिश्री लावायची, तिच्याकडं तंबाखू असायचीच. वाटीत चुना घातला, तंबाखू कुस्करली, पाणी ओतलं. पिवळं पाणी झालं. आईनं सुमीचे पाय धरले. काकू म्हणाली, "मंगे, हात धर तिचं." मी हात धरले. सुमीनं माझ्याकडं पाहिलं. "आक्का, नगं गं," म्हणाली. मी तेव्हाही बोलू शकले असते. एका वाक्याचं काम होतं. वाटी अजून तिरकी झाली नव्हती.

ती ओरडली ते मी लिहिणार नाही. एका कानातून काही निघालं नाही म्हणून काकूनं दुसऱ्यातही ओतलं, कारण वाळा एका कानातून शिरला की दुसऱ्याकडं वाट काढतो असं ती लहानपणापासून ऐकत आली होती. उजव्या कानातला बोळा तिनं स्वतःच्या बोटांनी काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा घातलं. दुपारी सुमीला ताप भरला, दोन्ही कानांतून पाणी, मग पू वाहायला लागला. पाटावरचा पूल पाण्याखाली गेला होता, एस.टी. बंद होती. तिसऱ्या दिवशी एका उसाच्या ट्रॅक्टरमधून तिला मिरजेला नेली. मीही गेले, कारण मागं मला सांभाळायला कुणी नव्हतं.

डॉक्टरांनी तिला दाखल करून घेतलं. ताप उतरायला कितीतरी दिवस लागले. एका सकाळी ते आई आणि काकूसमोर उभे राहिले, आणि एवढा वेळ दाबून ठेवलेला राग त्यांना आवरला नाही. "कानात काही नव्हतं. कधीच काही नव्हतं. कानाला आत पडदा असतो बाई, मेंदूत जायला तिथं रस्ता नाही. साप तुम्ही नाही मारलात, पोरीचे कान मारलेत." काकूनं पदर तोंडात घातला आणि दवाखान्याच्या फरशीवर बसली. सुमी खाटेवरून तिच्याकडं टकमक बघत होती. आपल्याला आता काही ऐकू येत नाही हे तिला तोवर समजलं नव्हतं. तिला वाटत होतं की काकूनं नवे बोळे घातलेत. घरी येईपर्यंत ती सारखी कानात बोटं घालून ते काढू बघत होती.

अण्णा सुट्टी काढून आले. ते काकूला एक शब्दही बोलले नाहीत. फक्त त्या सुट्टीत त्यांनी तिच्या हातचं खाल्लं नाही; आईनं ताट केलं तरच जेवायचे. बाकीच्यांनी बोलायचं ते बोलून घेतलं. पै-पाहुण्यांत, बाजारात, पाटावर, "चुलतीनं पोर भैरी केली, सोताचं न्हवतं न्हवं," असं काकूच्या कानावर पडेल इतक्या मोठ्यानं बोलत. काकूनं मिश्री सोडली ती कायमची. काका गेल्यावर काढून ठेवलेली जोडवी तिच्या पेटीत होती, ती सोनाराकडं देऊन तिनं चांदीचे दोन कान करून घेतले आणि अनवाणी औंधला जाऊन यमाईला वाहिले. सुमीला बरोबर नेली होती. परत आल्यावर चार दिवस ती सुमीच्या पाठीमागं भांडं आपटून बघायची. पाचव्या दिवशी तिनं ते बंद केलं.

त्या वर्षी कोकरं सोडायची वेळ झाली की सुमी सवयीनं वाडग्याच्या काठीवर जाऊन बसायची. पोरं तोंडं उघडून ओरडायची आणि ती त्यांच्या तोंडांकडं बघत राहायची. आई कोकरू हातात धरून उभी. "मुकादम, कुणाचं गं?" सवयीनंच विचारायची, आणि मग तिच्या ध्यानात यायचं.

पुढं मी शिकले, शिक्षिका झाले, मिरजेत घर केलं. सुमीला लिहायला-वाचायला मी शिकवलं. लोक त्याबद्दल माझं फार कौतुक करतात. आई-अण्णा गेल्यावर काकू आणि सुमी माझ्याकडं आल्या. माझे यजमान गेले, मुलगा पुण्याला असतो, म्हणजे घर पुन्हा बायकांचंच झालं. सुमी ओठ वाचते. बोलते, पण मोठ्यानं आणि एका सुरात, आणि तेही सातव्या वर्षापर्यंत शिकलेलं, गावाकडचं. रागावली की डोळे मिटून घेते, की झालं, मग तिच्याशी कुणाला बोलता येत नाही. म्हातारपणी काकूचे हात थरथरायचे तरी झोपायच्या आधी ती सुमीच्या कानांत बोळे घालायची. कान अधूनमधून वाहायचे म्हणून घालते, असं म्हणायची. सुमी मान वाकवून घालून घ्यायची.

काकू गेली ती माझ्याच घरात. शेवटच्या दुपारी सुमी तिच्या उशाशी होती, मी चमच्यानं पाणी पाजत होते. काकूनं दोन्ही हात उचलून सुमीच्या कानांवर ठेवले. "बोळा इसरला गं माज्याकडनं," म्हणाली. "सुमे, येक बोळा इसरला." सुमीनं ते ओठांवरून वाचलं आणि मान हलवली, नाही, नाही. काकूनं माझ्याकडं पाहिलं, जणू मी तरी काही सांगेन. मी म्हणाले, "पाणी घे काकू." तेवढंच म्हणाले. संध्याकाळी ती गेली.

मागच्या पावसाळ्यात गच्चीवरच्या कुंडीतली माती बदलताना वाळा निघाला. शेजारच्या बाईंनी मोबाइल काढला, सर्पमित्राला बोलावते म्हणाल्या. सुमीनं वाळा सरळ हातावर घेतला. तो तिच्या बोटांच्या बेचक्यात डोकं खुपसत होता. "लय बारीक हाय गं आक्का," ती हसून म्हणाली, "ह्यो कसा शिरला आसंल एवडा आत?" म्हणजे डॉक्टरांनी काय सांगितलं होतं ते तिला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. साठी ओलांडलेली बाई, आणि तिला अजून वाटत होतं की तो शिरला होता, काकूनं त्याला बाहेर काढायची शर्थ केली आणि जमलं नाही. तिनं वाळा परत मातीत सोडला. मी खाली आले आणि हे प्रकरण लिहायला बसले. ते पुरं व्हायला मला एक वर्ष लागलं.

माझं लिहिलेलं सगळ्यात आधी सुमी वाचते. काल दुपारी जेवण झाल्यावर मी वही तिच्यापुढं ठेवली, इथवरची, काकूच्या शेवटच्या दुपारसकट. ती खिडकीपाशी बसली. ओळीखाली बोट धरून वाचते, माझ्याच शिकवण्याची सवय. खरवडीपाशी तिचं बोट थांबलं, पुढं गेलं. देवळीमागच्या फटीपाशी पुन्हा थांबलं. मी समोर बसून होते. मारेल, रडेल, वही फाडेल, सगळ्याची मी तयारी केली होती. माझ्या मनात होतं की तिनं काहीही केलं तरी माझं एकदाचं होऊन जाईल.

तिनं वही मिटली. बराच वेळ कानाच्या पाळीवरून बोट फिरवत राहिली. मग तिच्या त्या मोठ्या, सपाट आवाजात म्हणाली, "माजं जाऊ दे. काकूला कवा सांगिटलंस?"

मी मान हलवली.

"शेवटी तरी?"

मी पुन्हा मान हलवली. ते तर वहीत लिहिलेलंच होतं, पण तिला ते माझ्याकडून हवं होतं.

सुमी उठली. फडताळातलं काकूचं गाडगं काढलं, थोडी लोकर घेतली आणि काकू बसायची तशी भिंतीला टेकून बसली. दोन बोटांत घोळवून तिनं गोळी केली, एक कानात बसवली. दुसरी केली, ती दुसऱ्या कानात बसवली. "म्हातारीला तेवडं सांगायचं हुतंस गं," ती म्हणाली. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तिला माझे ओठ दिसावेत म्हणून पुढं सरकले.

तिनं डोळे मिटून घेतले.